समोरच्या घरी चार दिवस

आयल्सा ड्रीव्हर पडली ती चादरीपायी. ऑगस्टातला, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातला मंगळवार होता. ओमारूच्या बंदरावरून सकाळपासून असा वारा सुटला होता की गल पक्षीसुद्धा धक्क्यावर पाय रोवून बसले होते. अशा वाऱ्यात चादरी दोरीवर घालू नयेत, हे एक्केचाळीस वर्षं पाहुण्यांच्या चादरी धुतलेल्या बाईला कोणी सांगायला नको. पण यंत्रात सुकवलेली चादर पाहुण्याला देणं म्हणजे तिच्या लेखी शुद्ध फसवणूक होती. तिने पहिला चिमटा लावला, दुसरा तोंडात धरला, तेवढ्यात ती भली थोरली डबल बेडची चादर फडफडत तिच्या डोक्याभोवती गुंडाळली गेली. पाय पायरीवरून सटकला आणि आयल्सा उजव्या हातावर कोसळली. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं.

चादर कोणीतरी तोंडावरून बाजूला केली तेव्हा तिला आधी एक ॲप्रन दिसला, मग नोलीन स्केरेटचा चेहरा. नोलीन समोरच्या घरातून रस्ता ओलांडून पळत आली होती. तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"हलू नका, मिसेस ड्रीव्हर."

"माझी चादर..."

"चादर गेली खड्ड्यात. मान हलवू नका म्हणते ना!"

एकोणीस वर्षांत दोघींमधलं हे पहिलं बोलणं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत नोलीन त्या गारठ्यात फरशीवर बसून राहिली, आयल्साचं डोकं मांडीवर घेऊन. आयल्साने डोळे मिटून घेतले होते. दुखत होतं म्हणून मिटले होतेच, पण डोळे उघडे ठेवून त्या बाईकडे बघायचं तरी कसं, हाही प्रश्न होता.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हात गळ्यात अडकवला, झोपेच्या वेळी घ्यायच्या जालीम गोळ्या दिल्या आणि सांगितलं की डोक्याला मार आहे, चार दिवस एकटीनं राहायचं नाही. आयल्सा म्हणाली, मी एकटीच राहते. डॉक्टर म्हणाले, मग इथेच राहा. एवढ्यात ब्रिस्बेनहून तिच्या मुलीचा, शोनाचा, फोन आला.

"आई, मला शनिवारच्या आधी रजा नाही. पण सोय झाली आहे. मी मिसेस स्केरेटशी बोलले. त्यांची खालची खोली मोकळी आहे."

"कोणाशी बोललीस?"

"ऐकलंस तू."

"त्या बाईच्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही."

"मग तहानलेली राहा. पण तिथे राहा," शोना म्हणाली. दवाखान्यात नर्स म्हणून बावीस वर्षं काढल्यामुळे हट्टी म्हाताऱ्यांशी कसं बोलावं ते तिला ठाऊक होतं.

ही दोन्ही घरं एकाच जातीच्या पांढऱ्या दगडाची, एकाच उताराच्या रस्त्यावर, समोरासमोर. आयल्साचं घर एके काळी बंदराच्या इंजिनिअरसाठी बांधलेलं, नोलीनचं एका धान्याच्या व्यापाऱ्याचं. दोन्ही दीडशे वर्षांची, दोन्हींच्या जमिनीखाली पेंग्विनची बिळं, आणि दोन्हींच्या दारावर 'राहण्याची व न्याहारीची सोय' अशी पाटी. नोलीन पार दक्षिण टोकाच्या ब्लफहून, कालवं काढणाऱ्यांच्या घरातून आली आणि समोर पाटी लावली, तेव्हा गावाला वाटलं होतं आता या दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटणार. झालं उलटंच. सहा वर्षं दोघींचं इतकं मेतकूट होतं की एकीकडची अंडी संपली की दुसरी ॲप्रनमध्ये घालून आणायची. एकीचं घर भरलं की पाहुणे दुसरीकडे. आयल्साचा नवरा गेला तेव्हा पंधरा दिवस तिच्या पाहुण्यांची न्याहारी नोलीननेच केली होती.

मग मिस्टर पॅस्कोंची गोष्ट घडली.

मिस्टर पॅस्को नेल्सनचे, भूगोलाचे निवृत्त मास्तर. दर ऑक्टोबरात पेंग्विन मोजायला यायचे आणि तीन आठवडे आयल्साकडे राहायचे. अशी चौदा वर्षं. त्यांची खुर्ची ठरलेली, खिडकी ठरलेली, टोस्टचे त्रिकोण कापून त्यावर आयल्साचं संत्र्याच्या सालींचं मार्मालेड अगदी कडेपर्यंत लावायची पद्धत ठरलेली. आयल्साला भाऊ नव्हता. असता तर असा असावा, असं तिला वाटायचं. पंधराव्या वर्षी तिने खोली झाडून, खिडकीत फुलं ठेवून वाट पाहिली. टॅक्सी आली. मिस्टर पॅस्को उतरले, आयल्साच्या खिडकीकडे बघून त्यांनी हॅट उचलली आणि बॅग घेऊन समोरच्या घराची पायवाट चढून गेले.

आयल्सा तशीच रस्ता ओलांडून गेली होती.

"काय सांगून पळवलंस त्यांना?"

"मी काही सांगितलं नाही. ते आपणहून आले."

"चौदा वर्षांची जागा माणूस आपणहून सोडतो? काहीतरी कारण असेल ना!"

नोलीन ॲप्रनला हात पुसत दारात उभी राहिली. हात कोरडे झाले तरी पुसत राहिली. बोलली मात्र काही नाही. त्या गप्प राहण्याचा आयल्साने जो अर्थ लावायचा तो लावला. पुढच्या आठवड्यात गावच्या जुन्या घरांच्या समितीत, सगळ्यांच्या देखत, तिने नोलीनला पाहुणेचोर म्हटलं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना मिसेस म्हणू लागल्या, तेही फक्त इतरांशी बोलताना. मिस्टर पॅस्को आणखी चार वर्षं समोर येत राहिले. मग नेल्सनहून त्यांच्या पुतणीचं पत्र आलं, ते गेल्याचं. दोन पत्रं होती, दोन्ही घरी एकेक.

अशा घरात आयल्सा बुधवारी दुपारी राहायला गेली. रस्ता ओलांडायला वीस पावलं. तिची बॅग नोलीनकडे उतरलेल्या जर्मन सायकलवाल्या जोडप्याने नेली, कारण नोलीनने उचललेली बॅग घ्यायची नाही असं आयल्साने ठरवलं होतं.

खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला होती. दार लागल्याबरोबर आयल्साने डाव्या हाताने तपासणी सुरू केली. कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं, धूळ नाही. उशीचा वास घेतला, वाऱ्यावर वाळवलेली. चादरीचे कोपरे पाहिले, ते इतके चपखल खोचलेले की तिला स्वतःच्या कोपऱ्यांबद्दल शंका आली. शेवटी भिंतीवरची एक तसबीर बोटभर वाकडी सापडली. तिला जरा बरं वाटलं. ती तिने सरळ केली.

रात्रीच्या जेवणाला तिने "मला भूक नाही" म्हणून सांगितलं. नोलीनने दाराबाहेर ट्रे ठेवला. हॉगेटच्या, म्हणजे वर्षभराच्या मेंढीच्या मटणाचं सूप होतं, आणि पावाचे तुकडे आधीच मोडून ठेवलेले, एका हाताने खाता येतील असे. आयल्साने ते सगळं संपवलं आणि ट्रे परत बाहेर ठेवताना वाडग्यावर नॅपकिन झाकला, रिकामा दिसू नये म्हणून.

गुरुवारी सकाळी न्याहारीला नोलीन त्या जर्मन जोडप्याला घराचा इतिहास सांगत होती. "तर त्या व्यापाऱ्याने बायकोसाठी थेट स्कॉटलंडहून रंगीत काचा मागवल्या. जहाज बंदराच्या तोंडाशी आलं, आणि तुफान! जहाज काचांसकट तळाला. ती बाई मरेपर्यंत या खिडकीत बसून समुद्राकडे बघत होती म्हणतात."

आयल्साने बराच वेळ मूग गिळले. मग राहवेना. "जहाज बुडालं नव्हतं. काचा धडधाकट पोचल्या होत्या. या काय, तुमच्या पाठीमागेच आहेत."

जर्मन मुलीने वळून खिडकीकडे पाहिलं. लाल-निळ्या काचांतून तिच्या टोस्टवर रंग पडले होते.

"मिसेस ड्रीव्हर," नोलीन म्हणाली, "तुमची ओटची लापशी गार होते आहे."

"आणि ती बाई खिडकीत कशाला बसेल? तिला नऊ मुलं होती."

सायकलवाला मुलगा खो खो हसला. नोलीनने ओठ घट्ट मिटले, पण ते हसू दाबायला की राग, ते आयल्साला कळलं नाही. लापशीत मीठ अगदी बेताचं होतं. मार्मालेड मात्र बिघडलेलं होतं, पाकासारखं वाहत होतं, आणि साल दोरीइतकी जाड. आयल्साने एक घास घेऊन बशी बाजूला सरकवली. मनातून तिला केवढा आनंद झाला होता.

खोलीत परत आली तर अंथरूण घातलेलं होतं. पांघरूण झटकून, उशा फुगवून, तिचा नाइटगाऊन घडी करून पायथ्याशी ठेवलेला. आयल्सा खुर्चीत बसली. आईचं घर सोडल्यापासून तिचं अंथरूण दुसऱ्या कोणी घातलं नव्हतं. दवाखान्यातलं सोडून द्या, ते काम झालं. हे पलंगाच्या मापाने, झोपणाऱ्या माणसाचा विचार करून घातलेलं होतं. हजारो लोकांसाठी तिने स्वतः हे केलं होतं, आणि ते लोक वर जाऊन, दार उघडून काय बघायचे, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती त्या पलंगावर दुपारपर्यंत बसली नाही. मोडवेना.

त्या रात्री तिने गोळी घेतली आणि दगडासारखी झोपली.

शुक्रवारी उजाडता उजाडता जाग आली ती ओलीने. आधी तिला वाटलं गरम पाण्याची पिशवी फुटली. मग आठवलं की पिशवी घेतलीच नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांची आयल्सा ड्रीव्हर, जिच्या घराच्या स्वच्छतेबद्दल पाहुणे डायरीत पानंच्या पानं लिहून जात, त्या घरच्या मालकिणीने अंथरूण ओलं केलं होतं. तेही कोणाच्या घरात!

ती धडपडत उठली. जमिनीखालून पेंग्विन समुद्राकडे निघाल्याचा गलबला ऐकू येत होता. तिने एका हाताने चादर ओढायला सुरुवात केली. ते कोपरे इतके घट्ट खोचलेले की एकेक सोडवताना तिच्या डोळ्यात पाणी आलं. दोन कोपरे निघाले. तिसरा निघेना. तिने दातांत धरून ओढला. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"येऊ नका!" आयल्सा म्हणाली.

नोलीन आत आली. गाऊनवर स्वेटर घातलेला, केस विस्कटलेले. तिने खोलीभर एकदाच नजर फिरवली.

"त्या खुर्चीत बसा दोन मिनिटं," ती म्हणाली. कपाटातून एक जाड ब्लँकेट काढून तिने आयल्साभोवती लपेटलं, कोरडा नाइटगाऊन तिच्या मांडीवर ठेवला आणि पलंगाकडे वळली. दोन झटक्यांत चादर सुटली, ओला भाग आत जाईल अशी गुंडाळली गेली. खालचं कापड, त्याखालचं मेणकापड पुसून झालं. खोलीच्या कोपऱ्यात एक अरुंद दार होतं, ते आयल्साला कपाटाचं वाटलं होतं. नोलीनने ते उघडलं, तर पलीकडे थेट कपडे धुण्याची खोली. बोळकांडीतून जायला नको, कोणाच्या समोर यायला नको.

"त्या गोळीने घोडासुद्धा झोपला असता," नोलीन तिकडून म्हणाली. "डॉक्टरांना आज फोन करून अर्धी करून घेऊ."

आयल्सा हुंदके देत होती. "कोणाला सांगू नका. शोनालासुद्धा."

"काय सांगू नको? चादरी बदलल्या. चादरी मी रोज बदलते."

तिने नवी चादर पसरली. कपाटाच्या खालच्या खणात चादरींचे तीन संच तयार ठेवलेले होते, इतर खोल्यांतल्यासारखे वरच्या माळ्यावर नाही. आयल्साचं धंद्यातलं डोकं रडतारडताही चालूच होतं. तिने ते पाहिलं. मेणकापड पाहिलं, जुनं, वापरून कडा मऊ झालेलं. ते दार पाहिलं.

"हे मेणकापड केव्हाचं?"

"असेल जुनं."

"ही खोली मिस्टर पॅस्कोंची होती ना?"

"होती."

आयल्साला एकदम त्यांचा तिच्या घरातला शेवटचा ऑक्टोबर दिसला. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली. एका सकाळी ती वर गेली तर खिडकी सताड उघडी, थंडी आत येत होती, आणि मिस्टर पॅस्को स्वतः गादी उलटी करत होते. ती हसून म्हणाली होती, "माझं काम मला करू द्या की, मिस्टर पॅस्को!" ते कानापर्यंत लाल झाले होते. तिला वाटलं होतं, सभ्य माणूस, बाईने पलंगाशी पाहिलं म्हणून लाजला. त्या खोलीतून चादर धुवायला न्यायची तर जिना उतरून तिच्या स्वयंपाकघरातूनच जावं लागायचं. तिच्या डोळ्यांसमोरून.

"त्यांना..." आयल्साने सुरुवात केली.

नोलीनने हातातली उशी खाली ठेवली. "मिसेस ड्रीव्हर, उद्या कोणी मला विचारलं, त्या खोलीत मिसेस ड्रीव्हर चार दिवस कशा होत्या, तर मी काय सांगावं असं तुम्हाला वाटतं?"

आयल्साने नव्या चादरीकडे पाहिलं.

"मग तेच मी सगळ्यांबद्दल सांगते," नोलीन म्हणाली आणि उशीला अभ्रा चढवू लागली.

खालचा पेंग्विनांचा गलबला थांबला होता. आयल्साने ब्लँकेट अंगाभोवती ओढून घेतलं.

"एकोणीस वर्षं झाली, नोलीन."

"हो."

"मी तुला चारचौघांत चोर म्हटलं."

"पाहुणेचोर," नोलीन म्हणाली. "समितीच्या इतिवृत्तात आलं आहे. मी वाचलं."

"आणि तू ऐकून घेतलंस. एक शब्द बोलली असतीस तर..."

"कोणता शब्द?" नोलीनने वळून तिच्याकडे पाहिलं. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "आणि मला संतबिंत समजू नकोस हं, आयल्सा. मला तुझा इतका संताप यायचा! वारा तुझ्या घराकडे असला की मी मुद्दाम टीटी शिजवायचे. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून."

टीटी म्हणजे ब्लफच्या बेटांवरचे खारवलेले समुद्रपक्षी. ज्यांना आवडतात त्यांना जीव की प्राण, इतरांना तो वास तीन दिवस पडद्यांतून जात नाही.

"मुद्दाम?" आयल्सा ताठ बसली. "माझा एक पाहुणा त्या वासाने एक दिवस आधी निघून गेला होता!"

"माहीत आहे. बघितला मी जाताना."

आयल्साला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला उचकी लागली. नोलीनने पाणी आणून दिलं. आयल्सा ते घोटाघोटाने सगळं प्यायली.

"एक सांगते," नोलीन पलंगाच्या कडेवर टेकली, "यात गुपित काही नाही. मिस्टर पॅस्को माझं मार्मालेड कधी खायचे नाहीत. रोज एक घास घ्यायचे, बशी अशी अलगद सरकवायचे आणि तुझ्या घराकडे बघायचे. पाच वर्षं! काल तूही अगदी तशीच बशी सरकवलीस. वाटलं, डोक्यावर ओतावं तुझ्या."

"साल फार जाड कापतेस तू. आणि घट्ट होऊ देत नाहीस."

"मग दाखव की."

"या हाताने?"

"तोंड आहे ना? ते तर कधी मोडलेलं पाहिलं नाही मी."

त्या दिवशी दुपारी उत्तरेकडची संत्री आली, आणि शनिवारी सकाळपासून नोलीनच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढलं. आयल्सा स्टुलावर बसली होती, प्लास्टरचा हात टेबलावर, डाव्या हातात लाकडी डाव, आणि तो डाव ती बँडमास्तरासारखा फिरवत होती.

"बारीक! अजून बारीक! माणसांनी खायचं आहे ते."

"बोटं कापू का आता?"

"साखर आत्ता नाही घालायची. साल शिजू दे आधी."

"तू गेल्या वेळी म्हणालीस..."

"मी काहीही म्हणाले नाही. एकोणीस वर्षं तुझ्याशी बोललेच नाही मी."

याच वेळी शोना विमानतळावरून भाड्याच्या गाडीने आली. फाटकातच तिला आईचा चढलेला आवाज ऐकू आला, मागोमाग दुसऱ्या बाईचा त्याहून चढलेला. ती धावतच आत शिरली. "आई! काय झालं? चल, बॅग भर, आपण घरी जाऊ."

दोघी म्हाताऱ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. दोघींचे चेहरे वाफेने लाल झाले होते आणि आईच्या हनुवटीला मार्मालेड लागलं होतं.

"का?" आयल्सा म्हणाली. "अजून घट्ट झालं नाहीये."

"तू चाखून बघ गं पोरी," नोलीनने एक चमचा शोनापुढे धरला. "आणि खरं सांग. तुझी आई खोटं बोलते."

आयल्सा त्या घरी मंगळवारपर्यंत राहिली. शोना रस्त्यापलीकडे आईच्या घरात एकटीच राहिली आणि फोनवर नवऱ्याला म्हणाली, की मी आईला बघायला आले आहे पण आई मला भेटीची वेळ ठरवून देते.

पुढच्या वर्षीच्या जुलैत, धंदा थंड असतो तेव्हा, आयल्सा रस्ता ओलांडून गेली आणि नोलीनला म्हणाली, "चार दिवस माझ्याकडे राहायला ये. पाहुणी म्हणून."

"मला काय झालं आहे?"

"काही झालं नाही म्हणूनच बोलावते. तू कधी राहिली आहेस का कुठे? दुसऱ्याने केलेली न्याहारी खाल्ली आहेस?"

नोलीनने आठवून पाहिलं. लग्नानंतर डनीडिनला दोन दिवस गेली होती, एवढंच. ती "मला जमायचं नाही" म्हणाली आणि आठवड्याने एक छोटी बॅग घेऊन आली. पहिल्या दिवशी पहाटे पाचला खाली येऊन तिने चूल पेटवली, तेव्हा आयल्साने तिला हाताला धरून परत वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती सहाला आली आणि परत गेली. तिसऱ्या दिवशी सात वाजले, आठ वाजले, वर काही हालचाल नाही. नऊ वाजता आयल्साला काळजी वाटू लागली. ती ट्रे घेऊन जिना चढली.

नोलीन पलंगावर पसरली होती. तीन उशा पाठीशी, पाय लांब, खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे तोंड. तिने मान वळवून ट्रेकडे बघितलं.

"अंडं आज कालच्यापेक्षा जरा कमी उकडलं आहेस ना," ती म्हणाली. "आणि आयल्सा, थोडा वेळ बस ना इथे. घाई काय आहे?"

आयल्साने ट्रे तिच्या मांडीवर ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसली.